खुडूक कोंबडीला काय कळतं आणि काय कळत नाही

कोकणातल्या परसात चार गावठी कोंबड्या असल्या की वर्षातून दोन-तीनदा तरी हे होतंच. संध्याकाळी बाकीच्या खुराड्याकडे वळतात आणि एक मात्र पडवीतल्या पाटीतून हलत नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातून खरखरते, फारच जवळ गेलात तर चोच मारते. दिवसा खाली उतरली तर शेपूट पसरून ‘कुडुक कुडुक’ करत खळ्यातून एक फेरी मारते आणि परत पाटीत. अंडी देणं बंद. कोंबडी खुडूक झाली.

इथून पुढे घरात दोन पक्ष पडतात. एकाला रोज अंडी हलवून बघायची असतात, त्यांवर पाणी शिंपडायचं असतं, पिल्लू बाहेर येईना की कवच सोलायचं असतं. दुसरा म्हणतो, तिचं तिला सगळं कळतं, आपण कशाला मध्ये पडा. मला विचाराल तर दोघंही अर्धेच बरोबर. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं तिला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं, त्यात बोट घालू नये. पण अंडं किती दिवसांचं आहे, मृग किती दिवसांवर आलाय, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी टोचायची, यातलं तिला काही कळत नाही. आणि आपल्याकडे पिल्लं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या यादीपायी.

आधी तिच्या अंगात काय चाललेलं असतं ते बघू. दिवसाचा उजेड, हवेतली ऊब आणि पाटीत साठत गेलेल्या अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श, या सगळ्याने तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू लागतं. गाई-म्हशींना आणि बायकांना दूध येण्यामागे हेच संप्रेरक असतं. कोंबडीत ते वाढलं की अंडाशय आक्रसतो, भूक मंदावते आणि पोटाखालची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते. त्या उघड्या कातडीत रक्तवाहिन्या दाटतात, म्हणून ती हाताला चांगलीच गरम लागते. अंड्यांना ऊब मिळते ती तिथून. पिसं ऊब आत धरून ठेवतात, अंड्यापर्यंत पोचू देत नाहीत. त्यासाठी कातडीच लागते.

यात एक चक्र आहे. उबदार पाटीत पोट टेकलेलं राहिलं की प्रोलॅक्टिन वाढतं राहतं, आणि ते वाढतं म्हणून ती पोट टेकून राहते. त्यामुळे पिल्लं नको असतील आणि तिने पुन्हा अंड्यावर यावं असं वाटत असेल, तर तिचं पोट गार पडलं पाहिजे. जुन्या घरांतून तिला पाण्यात बुचकळायचे, कुणी नाकपुडीत पीस खुपसायचे. पीस खुपसण्याने पोट गार होत नाही, फक्त कोंबडी हैराण होते. त्यापेक्षा खालून वारा लागेल असा तारेचा किंवा बांबूच्या पट्ट्यांचा पिंजरा जमिनीपासून हातभर वर टांगायचा, आत पेंढा अजिबात टाकायचा नाही, आणि दाणापाणी देऊन तिला तीन-चार दिवस त्यात ठेवायचं. उशीर न करता केलं तर एवढ्यात खूळ उतरतं.

पिल्लं हवी असतील तर मात्र ही कोंबडी म्हणजे लॉटरीच. गिरिराज, वनराज यांच्यासारख्या सुधारित जाती अंडी बरी देतात, पण क्वचितच खुडूक होतात. कडकनाथही बसण्यात कच्चाच. गावठी कोंबडी आणि असील या खऱ्या बसणाऱ्या. गावठी कोंबडीला अंडी कुणाची आहेत याचं काही नसतं. ती गारगोटीवरही तितक्याच निष्ठेने बसते. याचा फायदा करून घ्यायचा: पहिले दोन दिवस पाटीत एखादं फुटकळ अंडं किंवा गुळगुळीत गोटा ठेवून बघायचं. दोन रात्री हलली नाही, तर समजायचं की ती टिकणार.

आता अंड्यांकडे येऊ, कारण निम्मा निकाल इथेच लागतो.

कोंबडा कळपात हवा, आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. पण तो रोज हजर असलाच पाहिजे असं नाही. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज साठवून ठेवायची सोय असते आणि ते आठवडाभर, कधी दोन आठवडेही टिकतं. म्हणजे घरचा एकुलता एक कोंबडा राखणदार देवाला दिला गेला, तरी पुढच्या पाच-सहा दिवसांची अंडी बिनधास्त बसवायला घ्या. दुकानातल्या ट्रेमधली अंडी आणून बसवली तर काहीच होणार नाही, त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो.

त्याहून मोठी गोष्ट अंड्याच्या वयाची. अंडं पाटीत पडतं तेव्हाच त्यातल्या गर्भात हजारो पेशी तयार असतात. मग ते थंड होतं आणि वाढ थांबते. ही थांबण्याची मर्यादा साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याखाली गर्भ झोपून राहतो. वर गेला की अर्धवट जागा होतो, पण नीट वाढण्यासाठी लागणारी ३७-३८ अंशांची ऊब काही त्याला मिळत नाही. अशा अर्धवट, वेड्यावाकड्या वाढीने तो कमजोर होतो आणि शेवटी मरतो. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. दुपारी ३३ अंश, आणि रात्रीही पारा पंचविशीच्या फारसा खाली उतरत नाही. फळीवरच्या डब्यात ठेवलेलं अंडं त्या दिवसांत कधी झोपतच नाही. म्हणून थंडीत सात-आठ दिवसांपर्यंतची अंडी चालतात, पण उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपलीकडची घेऊ नयेत. एका कोंबडीची एवढ्या दिवसांत पुरेशी अंडी जमत नाहीत, तेव्हा दोन-तीन कोंबड्यांची गोळा करा, शेजाऱ्याची आणा, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख टाका. माठाशेजारी ओल्या वाळूवर ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र आपल्या दमट हवेत माठ देशावरच्यासारखा गार होत नाही. एखाद-दुसरा दिवस वाढेल, त्याहून जास्त अपेक्षा नको. फ्रिज उलट्या बाजूने जास्त थंड. ठेवताना अंड्याचं निमुळतं टोक खाली. धुवायचं तर मुळीच नाही, कारण कवचावर एक पातळ थर असतो आणि तो जंतूंना आत शिरू देत नाही. शेण लागलेलं अंडं सरळ पोळा (ऑम्लेट) करायला घ्या.

वळवाचे ढग गडगडले की अंडी बिघडतात, म्हणून पाटीत कोळसा किंवा लोखंडी खिळा ठेवणारी घरं आहेत. ठेवा, नुकसान काहीच नाही. पण वळीव येतो तो उकाड्याच्या शेवटी. त्या सुमारास बसलेली अंडी आधीच उकाड्यात साठवलेली असतात, त्यातली निम्मी गडगडाट व्हायच्या आधीच गेलेली असतात. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी), हीसुद्धा तशीच समजूत. नर-मादी ठरतं ते कोंबडीच्या बीजात, कवच चढण्याच्या कितीतरी आधी, आणि कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

किती अंडी ठेवायची? गावठी कोंबडीला दहा, फार तर बारा. ती बसल्यावर पंखाबाहेर एकही अंडं दिसता कामा नये. ‘एखादं बाहेर राहिलं तर ते एकच वाया जाईल’ असा हिशेब इथे चालत नाही. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी उलटवते आणि कडेची मध्ये, मधली कडेला करते. आज एक थंड पडतं, उद्या दुसरं, परवा तिसरं. चौदा ठेवलेल्या पाटीतून दहा ठेवलेल्या पाटीपेक्षा कमी पिल्लं निघतात ती यामुळे.

पाटीच्या तळाशी थोडी माती पसरून मध्ये खळगा करा, वर पेंढा, आणि उवा-पिसवांसाठी चुलीतली चाळलेली राख व निरगुडीचा पाला. खुराड्यातून हलवायची असेल तर रात्रीच हलवा. कोपरा अंधारा, कोरडा आणि बाकीच्या कोंबड्यांपासून दूरचा हवा, नाहीतर दुसऱ्या तिथे येऊन अंडी घालून जातात आणि मग पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात. सगळी अंडी एकाच संध्याकाळी तिच्याखाली सरकवायची. तिथपासून २१ दिवस मोजायचे.

या २१ दिवसांत तिला लागतं फारच थोडं. दिवसातून एकदा उतरते, भात किंवा कणी खाते, पाणी पिते, राखेत लोळते, एक भलीमोठी नि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जाते. तेवढ्या वेळात अंडी थोडी निवतात, त्याने काही बिघडत नाही. दाणापाणी चार-पाच पावलांवर असू द्या. अगदी चोचीपाशी ठेवलं तर काही कोंबड्या उतरायच्याच नाहीत आणि पाटीतच घाण करतील. आणि पाणी शिंपडणं सोडा. उबताना अंड्याचं दहा टक्क्यांहून थोडं जास्त वजन वाफ होऊन जावंच लागतं, त्यातूनच बोथट टोकाकडची हवेची जागा मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथे मिळतो. आपल्या किनाऱ्याची हवा आधीच ओली. वर पाणी शिंपडलं तर ती जागा लहानच राहते.

एकदाच बघायचं ते सातव्या रात्री. दिवे घालवा, मोबाइलच्या टॉर्चवर मूठ अशी धरा की उजेड फक्त एका भोकातून येईल, आणि त्यावर अंड्याचं बोथट टोक टेकवा. फळलेलं अंडं तांबूस दिसतं. मध्ये एक काळसर ठिपका आणि त्यातून सगळीकडे पसरलेल्या बारीक लाल शिरा. हात स्थिर ठेवलात तर ठिपका हलताना दिसतो. ज्यात काहीच नाही ते नुसतं पिवळट उजळतं. आत एक लाल वर्तुळ दिसलं आणि शिरा नसल्या, तर गर्भ सुरू होऊन मेलेला आहे. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर सडलेलं अंडं पाटीत फुटलं की बाकीचीही नासतात. हे सगळं दहा मिनिटांत उरकावं. त्यानंतर अठराव्या दिवसापासून तर पाटीला हात लावूच नये.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी कान जवळ नेलात तर अंड्यातूनच चिवचिव ऐकू येते. पिल्लाने आतला पापुद्रा फोडून हवेच्या जागेत चोच घातलेली असते. कोंबडी त्याला खालच्या सुरात उत्तर देते. एरवी तिच्या तोंडून न ऐकलेला हा आवाज. मग बोथट टोकाच्या बाजूला कवचावर चांदणीसारखी बारीक भेग पडते. आणि सगळं थांबतं. चार तास, आठ तास, कधी बारा-अठरा तास काहीच नाही. याच वेळी घरातल्या कुणाला तरी राहवत नाही. पण पिल्लू आत अडकलेलं नसतं, कामात असतं. आतल्या पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत ओढून घेणं, उरलेला बलक पोटात घेणं, फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकणं. त्या वेळी कवच सोललं तर ओल्या शिरा तुटतात, रक्त येतं, आणि बलकाची पिशवी बाहेर राहिलेलं पिल्लू जगत नाही. काम संपलं की ते स्वतःच आतून गोल फिरत कवच कापतं, तासा-दोन तासांत टोपी उघडून बाहेर.

पोटात घेतलेल्या त्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. ही व्यवस्था मला फार हुशारीची वाटते: पहिलं पिल्लू उपाशी न राहता शेवटच्याची वाट बघू शकतं, आणि कोंबडी पाटीत बसून राहू शकते. म्हणून पहिल्या दिवशी पिल्लांना बाहेर काढून कणी भरवायची घाई नको. एक-दोन दिवसांनी ती स्वतःच पिल्लं घेऊन उतरते. मागे राहिलेली अंडी तिने सोडली, आता तुम्हीही सोडा.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लाला अंगची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब लावून पिल्लं वाढवणाऱ्याला रात्रभर हेच सांभाळावं लागतं, आणि वादळात लाइट गेली की सगळं अंगावर येतं. कोंबडीच्या पोटाखाली लाइट जात नाही. शिवाय ती शिकवते. दाणा सापडला की ‘टुक टुक टुक’ करत तो उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि पिल्लं धावतात. आकाशात घार दिसली की वेगळीच लांब, बारीक हाक, त्यावर पिल्लं जिथे असतील तिथे पातेऱ्यात (पाचोळ्यात) दबतात. मुंगूस किंवा मांजर आलं तर मात्र ती जोरजोरात ओरडते. दोन संकटांना दोन आवाज, आणि पिल्लांना फरक कळतो.

खाण्यात मात्र आपण कमी पडतो. नुसत्या कणीत प्रथिनं सात-आठ टक्के, वाढत्या पिल्लाला लागतात वीसच्या आसपास. परसातली वाळवी, किडे, गांडुळं काही भागवतात. वाळवी मुद्दाम वाढवायची असेल तर मडक्यात शेण, पेंढा आणि थोडं पाणी घालून ते माडाच्या बुंध्यापाशी उपडं ठेवा, काही दिवसांत आत वाळवी लागते. आपल्या किनाऱ्यावर जवळा मिळतो, तो वाळवून कुटून कणीत मिसळला की काम होतं, पण बिनमिठाचाच. खारवलेल्या माशाचं मीठ पिल्लांना विषासारखं बाधतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून ठेवता त्या अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी. पिल्लांना तेवढा चुना मूत्रपिंडाला भारी पडतो. पहिला महिना तयार पिल्लांचं खाद्य आणलंत तर सगळ्यात सोपं. पाणी करवंटीत, तिच्यात दोन खडे टाकून. पसरट भांड्यात पिल्लू बुडून मरतं, आणि ते मरताना आवाजही होत नाही.

आता कोंबडीला न कळणारी सगळ्यात महागडी गोष्ट, पंचांग. ती चैत्र-वैशाखातही मजेत खुडूक होते. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. त्या दिवसांपर्यंत पिल्लं आठ आठवड्यांची, पिसं पूर्ण आलेली हवीत. मागे मोजा: म्हणजे ती १२ एप्रिलच्या आधी निघाली पाहिजेत, आणि कोंबडी २२ मार्चच्या आसपास बसली पाहिजे. हीच शेवटची पाटी. त्यानंतर जितका उशीर, तितकी पिल्लं लहान असताना पाऊस गाठतो. भिजलेलं पिल्लू गारठून जातं, आणि जे वाचतं त्याला ओल्या जमिनीतून रक्ती हगवण लागते. कॉक्सिडिया नावाच्या जंतूंना ओल आणि ऊब दोन्ही हवी असते, जुलैतल्या खुराड्यात दोन्ही भरपूर. उशिरा बसवलीच असेल तर जमीन कोरडी राखण्याला पर्याय नाही: पडवीत तुसाचा जाड थर, रोज खालवर केलेला, आणि ओला झाला की बदललेला. बसवायचा खरा मोसम दसऱ्यापासून पुढे. भात कापणीला येतं, मळणीचा दाणा सांडलेला असतो, किडे असतात, हवा कोरडी होत जाते.

शत्रूंची यादी सगळ्यांना पाठ आहे. घार, शिकरा, कावळा वरून. मुंगूस, मांजर, घोरपड, धामण खालून. पहिले दोन आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवून दिवसातून थोडा वेळच सोडा. खळ्यावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं की घारीचा प्रश्न मिटतो. बंदरावर फाटकी जाळी सहज मिळतात. मात्र जाळं जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, त्यात साप अडकतो आणि तो सोडवण्याची पाळी तुमच्यावर येते. मुंगूस चिऱ्याच्या गडग्यातल्या फटीतून येतो, तेव्हा खुराड्याची खालची बाजू बारीक जाळीने बंद हवी. साधी षटकोनी मोठ्या भोकांची जाळी पिल्लांना आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही.

आणि मानमोडी. हा विषाणू आला की वाडीच्या वाडी रिकामी होते आणि त्यावर औषध नाही, लसच आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात टोचायची लस. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात. नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, बर्फातूनच आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी आपापल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या. खुडूक कोंबडीला चार दिवस गोट्यावर बसवून ठेवता येतं, हे इथे कामाला येतं. एक कुपी, एक बर्फाचा डबा, एक सकाळ.

सहा ते आठ आठवड्यांनी एक दिवस कोंबडी आपल्याच पिल्लांना चोच मारून हाकलू लागते. बघवत नाही, पण तिचं प्रोलॅक्टिन उतरलेलं असतं आणि काही दिवसांत ती पुन्हा अंडी देणार असते. पिल्लं रात्री फणसावर चढायच्या आत त्यांना खुराड्याची सवय लावा; आठवडाभर संध्याकाळी आत दाणे टाकले की पुरतं.

कोणत्या तलंगा ठेवायच्या हेही याच वेळी ठरतं. खुडूक होण्याचा गुण आईकडून पोरीत उतरतो. जास्त अंड्यांसाठी निवड करकरून सुधारित जातींमधून तो जवळजवळ गेला आहे. तेव्हा बारातली दहा काढून आठ जगवणाऱ्या कोंबडीच्या दोन तलंगा विकू नका, त्या दिसायला कशाही असोत. कोंबडे मात्र वेळेवर काढा. गावठी कोंबडा दीड किलोच्या जवळ यायला साडेचार ते सहा महिने घेतो, म्हणजे दसऱ्याच्या पाटीतले शिमग्याला तयार आणि डिसेंबर-जानेवारीतले आषाढात. आषाढात गिऱ्हाईक घासाघीस करतं. शिमग्याला चाकरमानी आलेले असतात, ते भाव विचारतात पण ऐकून घेत नाहीत.